भाव लिहून टाकणारा तलाववाला

छोट्या धंद्यांच्या वेबसाइट बनवणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यात एक दृश्य ठरलेलं. साइटवर 'ब्लॉग' नावाचं पान असतं आणि त्यावरची शेवटची नोंद दिवाळीच्या शुभेच्छांची असते. कुठल्या वर्षीच्या दिवाळीची, ते विचारू नये. मालकाला छेडलं की तो म्हणतो, "अहो, पण लिहायचं काय त्यात?"

या प्रश्नाला मी बरीच वर्षं गुळमुळीत उत्तरं दिली. 'काहीतरी माहितीपर लिहा', 'गूगलला नवा मजकूर आवडतो', असलं. हल्ली मी त्यांना पोहण्याचे तलाव बांधणाऱ्या एका अमेरिकन कंपनीची हकिगत सांगतो. मार्केटिंगच्या वर्तुळात ती इतक्यांदा सांगून झाली आहे की तिची पार सत्यनारायणाची कथा झाली आहे. पण सांगणारे बहुतेक जण 'ब्लॉग लिहिला आणि धंदा वाचला' एवढ्यावर थांबतात. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. तिच्या एका भागीदाराने एकदा लिहिलेला मजकूर पाच-सहा वेगवेगळ्या कामांना जुंपला, आणि त्यातली निम्मी कामं जाहिरातीची नव्हतीच.

कंपनीचं नाव रिव्हर पूल्स अँड स्पाज. गाव वॉर्सा, म्हणजे पोलंडची राजधानी नव्हे, अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातलं छोटंसं गाव. २००१ मध्ये दोन मित्रांनी धंदा सुरू केला आणि थोड्याच काळात मार्कस शेरिडन हा तिसरा भागीदार आला. काम होतं लोकांच्या परसात फायबरग्लासचे तलाव बसवण्याचं.

हा माल कसा असतो ते थोडं समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. घरगुती तलाव मुख्यतः तीन प्रकारचे. पहिला काँक्रीटचा: हवा तो आकार, हवी ती खोली, पण पृष्ठभाग खरखरीत, शेवाळ धरणारा, आणि काही वर्षांनी वरचा थर पुन्हा करावा लागतो. दुसरा व्हिनाइल लायनरचा: खड्डा खणून त्यावर प्लास्टिकचं जाड अस्तर. सुरुवातीला स्वस्त, पण अस्तर काही वर्षांनी बदलावंच लागतं. तिसरा फायबरग्लासचा: कारखान्यात साच्यावर तयार झालेलं एकसंध टोपलं ट्रकवर लादून आणायचं आणि क्रेनने खड्ड्यात उतरवायचं. देखभाल कमी, काम झटपट. पण ते रस्त्याने न्यायचं असल्यामुळे रुंदीला साधारण १६ फुटांची मर्यादा पडते. आकारही साच्यात असतील तेवढेच.

२००८ च्या शरद ऋतूत अमेरिकेचा घरांचा बाजार आणि बँका एकदमच गडगडल्या. तलाव ही काही गरजेची वस्तू नाही. तिथे अनेक जण घरावर कर्ज काढून तलाव बांधायचे. घराची किंमतच घसरली आणि कर्ज मिळेना म्हटल्यावर तलाव कुठला? कंपनीला महिन्याला सरासरी सहा कामं मिळायची, ती दोनावर आली. पन्नास हजार डॉलरच्या वरची कामं ठरवलेल्या चार गिऱ्हाइकांनी त्या हिवाळ्यात इसाराचे पैसे परत मागितले. काही आठवडे बँकेतलं खातं उण्यात होतं. आणि रेडिओ, टीव्ही, गूगलवरच्या क्लिकच्या जाहिराती यांवर कंपनी वर्षाला अडीच लाख डॉलरच्या आसपास उधळत होती. हे सगळं शेरिडन यांनी स्वतः पुढे न्यूयॉर्क टाइम्सला दिलेल्या २०१३ च्या मुलाखतीत सांगितलं आहे.

जाहिरात बंद करणं भाग होतं. आणि जाहिरात बंद केली तर गिऱ्हाईक येणार कुठून?

मार्च २००९ मध्ये शेरिडन यांनी लिहायला बसायचं ठरवलं. लिहायचं काय, हा माझ्या गिऱ्हाइकांना पडणारा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण त्यांनी लेखकासारखा विचारच केला नाही. इतकी वर्षं लोकांच्या परसात उभं राहून, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून जे जे प्रश्न ऐकले होते, ते आठवून कागदावर उतरवले. मग रात्री जेवणाच्या टेबलाशी बसून एकेका प्रश्नाचं एकेक उत्तर. मथळा म्हणजे तोच प्रश्न, गिऱ्हाईक विचारतं त्याच शब्दांत. 'आमची गुणवत्ता', 'आमची परंपरा' असल्या मथळ्यांना फाटा.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न उघड होता. फायबरग्लासच्या तलावाला खर्च किती येतो?

आता हे आपल्याकडे आणून बघा. बोअर मारायची आहे. फोन लावला की पहिला प्रश्न, "फुटाला किती?" आणि पलीकडून उत्तर येतं, "जागा बघायला लागेल साहेब." ते खोटं नाही. पाणी किती फुटांवर लागेल कोणाला माहीत? माती ढासळणारी असेल तर केसिंग पाइप जास्त उतरवावा लागतो, त्याचा दर वेगळा. गाडी आत जाईल की नाही, मोटार किती एचपीची, केबल किती, हे सगळं वेगळं. पण विचारणाऱ्याला हे काहीच माहीत नसतं. त्याला फक्त एवढं कळतं की हा माणूस भाव सांगत नाही. फेसबुकवर साडी विकणारी ताई 'किंमत इनबॉक्स केली आहे' लिहिते, तेव्हाही आपल्या मनात हेच येतं. त्यात साडीची तर जागाही बघायची नसते.

शेरिडन सांगतात की भाव न लिहिण्यामागे धंदेवाल्यांची तीन कारणं ठरलेली असतात. प्रत्येक काम वेगळं असतं. स्पर्धकाला कळेल. गिऱ्हाईक आकडा बघून पळेल. तिन्ही कारणं मी माझ्या टेबलाशी बसून अस्सल मराठीत ऐकली आहेत, शब्द तेवढे वेगळे. तिन्हींचं उत्तर एका दमात देता येतं. काम वेगळं का असतं, तेच समजावून सांगा. स्पर्धकाला तुमचा भाव आधीच माहीत आहे, त्याने शेजाऱ्याच्या नावाने फोन करून कधीच विचारलाय. आणि आकडा बघून जो पळणार तो तुमचा चहा पिऊन, दोन तास खाऊन मगच पळायचा.

तर त्यांनी लेख लिहिला. त्यात 'एवढे डॉलर' असा एकच आकडा नव्हता, आणि इथेच बहुतेक जण हा लेख चुकीचा समजतात. उत्तर होतं 'ते अवलंबून आहे', फक्त कशावर अवलंबून आहे ते एकेक करून उलगडलेलं: टोपल्याचा आकार, भोवतालची फरसबंदी, खोदकामात काय लागतं, पाणी तापवण्याची सोय, वरचं झाकण, कुंपण. या सगळ्यांनी बेरीज कुठून कुठे जाते, त्याचा पल्ला. वाचणाऱ्याला शेवटी आपला आकडा मिळत नाही. पण आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत, ते त्याला कळतं.

त्या काळी तलाववाल्यांपैकी जवळपास कोणीच हे लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे अमेरिकेत कुणीही हा प्रश्न गूगलला विचारला की हा लेख वर यायचा. २०१३ च्या त्या मुलाखतीत शेरिडन म्हणाले की या एका लेखामुळे किमान १७ लाख डॉलरची विक्री झाली.

हा आकडा त्यांना कसा कळला? साइट हबस्पॉट नावाच्या प्रणालीवर होती. कुणी चौकशीचा अर्ज भरला की तो माणूस पहिल्यांदा कुठल्या पानावर आला आणि नंतर कुठली कुठली पानं वाचली, ते तिथे दिसतं. ज्याने पुढे तलाव घेतला, त्याचा माग मागे मागे नेला की सुरुवातीचं पान सापडतं. पद्धत ठीक आहे, पण आकडा मालकानेच मोजलेला आहे, आणि मालक नंतर याच विषयावर व्याख्यानं देऊ लागला, पुस्तकही लिहिलं त्याने. म्हणून मी तो चिमूटभर मीठ लावूनच सांगतो. ज्याने तो लेख वाचला त्याने तलाव लेखामुळेच घेतला असं नाही, त्याला तलाव हवा होता म्हणून तर तो शोधत होता. तरी अर्धा आकडा धरला तरी एका रात्रीच्या लिखाणाला काही वाईट नाही.

मला भावाच्या लेखाहून दुसरा एक लेख जास्त आवडतो. फायबरग्लासच्या तलावांमध्ये काय खोट असते, हा. आपल्या मालातली खोट आपणच लिहायची! पण लोक शोधतच होते ते. काँक्रीटवाला स्पर्धक गिऱ्हाइकाच्या कानात ते भरतच होता. मग आपणच सांगितलेलं काय वाईट? रुंदी १६ फुटांच्या पुढे मिळणार नाही. आकार साच्यातलेच मिळतील. तुम्हाला ऑलिम्पिकसारखा किंवा मनात काढलेल्या चित्रासारखा तलाव हवा असेल तर फायबरग्लास तुमच्यासाठी नाही, काँक्रीटवाल्याकडे जा.

हा लेख वाचून जो माणूस निघून गेला, तो गेला म्हणजे कंपनीचा वेळ वाचला. आणि जो वाचूनही थांबला, त्याच्यासमोर स्पर्धकाचा बाण बोथट झाला. काँक्रीटवाल्याने "त्यांना रुंद बनवताच येत नाही" म्हटलं की गिऱ्हाईक म्हणायचं, "हो, त्यांनीच सांगितलंय." दुसऱ्याने उघडी पाडलेली खोट आणि आपणच आधी सांगितलेली खोट यांत फरक असतो, तो हा.

मग ती यादी. एकदा कुणीतरी गिऱ्हाइकाने भेटीत विचारलं, या भागात आणखी चांगले तलाववाले कोण? शेरिडन यांनी रिचमंड या व्हर्जिनियाच्या राजधानीच्या परिसरातल्या चांगल्या तलाव बांधणाऱ्यांची यादीच लिहून टाकली. त्यात आपल्या कंपनीचं नाव घातलं नाही. घातलं असतं तर यादी जाहिरात झाली असती आणि कुणी विश्वास ठेवला नसता. परिणाम असा की त्या स्पर्धकांची नावं शोधणारा माणूसही शेवटी रिव्हर पूल्सच्या साइटवर येऊन पोहोचायला लागला. बेरकीपणाच आहे हा, पण कुणाला न फसवता केलेला.

इथवर सगळं गिऱ्हाईक आणण्याबद्दल झालं. 'ब्लॉग म्हणजे जाहिरातीचं साधन' एवढंच मानणारे इथे थांबतात. रिव्हर पूल्समध्ये खरी करामत त्यानंतर झाली.

तलाव विकायचा तर विक्रेत्याला गिऱ्हाइकाच्या घरी जावं लागतं. गाडी हाकत जायचं, परस बघायचं, मापं घ्यायची, आणि मग तेच ते वीस प्रश्न पहिल्यापासून. बहुतेक भेटी वाया. शेरिडन यांनी नियम केला: भेटीची वेळ मागणाऱ्याला आधी वाचायला पाठवायचं. तुम्ही एवढे पैसे घालणार आहात, चूक होऊ नये म्हणून हे वाचून ठेवा, मग मी येतो. ज्याला वाचायला वेळ नाही, त्याच्याकडे जायची घाई नाही.

साइटच्या नोंदींत त्यांना एक गोष्ट दिसली. भेटीपूर्वी ज्यांनी साइटवरची तीस किंवा जास्त पानं वाचली होती, त्यांच्यापैकी ८० टक्के लोक तलाव घेत. या धंद्यात एरवी एवढ्या भेटी सौद्यात उतरत नाहीत. इथेही कार्यकारणभाव उलटा असू शकतो. तीस पानं वाचणारा माणूस मनाने आधीच पाण्यात उतरलेला असतो. पण विक्रेत्याच्या दृष्टीने त्याने काय फरक पडतो? गाडीत पेट्रोल कुणासाठी घालायचं, ते त्याला आधी कळलं.

म्हणजे बघा, तोच लेख. गूगलवर तो पाटी होता, चौकशी आल्यावर तो चाळणी झाला, भेटीआधी तो विक्रेता झाला. कंपनीत नवा माणूस आला की त्याचं पाठ्यपुस्तकही तोच. गिऱ्हाईक सहा महिन्यांनी फोन करून पाण्याचा रंग का बदलला विचारू लागलं की त्याला पाठवायचा दुवाही तयार. उत्तर एकदाच लिहिलेलं, आणि प्रत्येक उत्तराला आपला स्वतंत्र कायमचा पत्ता. हा पत्ता फार मोलाचा असतो. माझ्या ओळखीच्या एका नर्सरीवाल्या काकांकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आंब्याच्या कलमांबद्दलची इतकी सुंदर उत्तरं पडून आहेत, की विचारू नका. खड्डा किती बाय कितीचा, पहिल्या वर्षी मोहोर खुडायचा की नाही. सगळी गेली वाहून. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा अंगठा झिजवायचा.

ब्लॉगचं तंत्र मुळात रोजनिशीसाठी जन्मलं. नवं वर, जुनं खाली. वर्डप्रेस २००३ मध्ये आलं तेव्हा तेही ब्लॉग लिहिण्याचंच सॉफ्टवेअर होतं. २००५ च्या फेब्रुवारीत त्याच्या १.५ आवृत्तीत तारखेशी न बांधलेली स्थिर पानं आणि बदलता येणाऱ्या थीम, म्हणजे साइटचे तयार पेहराव, आल्या, आणि लोकांनी त्यावर अख्ख्या वेबसाइट उभ्या करायला सुरुवात केली. आज जगातल्या निम्म्याच्या जवळपास साइट त्यावर आहेत, आणि त्यातल्या कित्येकांच्या मालकांना हे मूळचं ब्लॉगचं हत्यार आहे याचा पत्ता नाही. पण ते रोजनिशीचं वळण अजून आडवं येतं. भावाचा लेख २००९ चा, त्यावर शंभर लेख आले की तो तळाला. रिव्हर पूल्सने म्हणूनच लेख विषयवार लावले, आणि भावाचं पान नवं न लिहिता त्याच पत्त्यावर अद्ययावत करत नेलं. मी माझ्या गिऱ्हाइकांच्या साइटवरून तारीख काढून टाकतो, फक्त 'शेवटचा बदल' ठेवतो. त्या दिवाळीच्या शुभेच्छा मग अंगावर येत नाहीत.

कंपनी तगली. जाहिरातीचा खर्च आधीच्या साधारण दहाव्या हिश्शावर आला.

हे सगळ्यांना जमेल का? नाही. तलाव म्हणजे पन्नास हजार डॉलरची, आयुष्यात एकदा घ्यायची वस्तू. घेणारा महिनोन्‌महिने वाचतो, नवराबायको वाद घालतात, पुन्हा वाचतात. वडापावच्या गाडीवाल्याने तीस लेख लिहून काही होणार नाही, त्याचं तेल आणि चटणीच बोलते. पण सोलर पॅनेल, विहिरीचं खोदकाम, घराचं वॉटरप्रूफिंग, लग्नाचा हॉल, दातांचं रोपण, शेततळ्याचं अस्तर, जिथे गिऱ्हाईक घाबरलेलं असतं आणि आपल्याला गंडवतील का, या भीतीने दहा ठिकाणी फोन फिरवतं, तिथे हे लागू पडतं. दुसरं म्हणजे काळ. २००९ मध्ये मैदान मोकळं होतं. आज 'खर्च किती' या मथळ्याचे इंग्रजीत ढिगाने लेख आहेत, आणि आता तर गूगल स्वतःच वर उत्तर देऊन मोकळं होतं, माणूस खालच्या साइटवर उतरतच नाही. पाटीचं काम म्हणूनच अवघड झालंय. चाळणीचं, विक्रेत्याचं, पाठ्यपुस्तकाचं काम मात्र गूगलच्या मर्जीवर नाही. दुवा तुम्ही स्वतः पाठवता.

आणि एक अडचण, जी मार्केटिंगची पुस्तकं सांगत नाहीत. लिहितो कोण? रिव्हर पूल्समध्ये भागीदार स्वतः लिहीत होता, ज्याने खड्ड्यात उतरून काम केलं होतं. माझ्याकडे येणारा मालक म्हणतो, "तुम्हीच लिहा ना, चार पैसे घ्या." मी एकदा घेतले. टाइल्सच्या दुकानासाठी आठ लेख लिहिले, नीटनेटके, शुद्धलेखन चोख. एकही फोन आला नाही. मग मालकाला बोलतं केलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. संडासाच्या फरशीला उतार किती द्यायचा आणि मिस्त्री तो का देत नाही, यावर ते गृहस्थ अकरा मिनिटं न थांबता बोलले. ते जसंच्या तसं उतरवून फक्त शिव्या काढल्या. त्या लेखाचा दुवा त्यांचा मुलगा आता गिऱ्हाइकांना स्वतःहून पाठवतो.

रिव्हर पूल्सची पुढची गंमत अशी की लेख वाचणारे सगळ्या अमेरिकेतून यायला लागले, आणि कंपनी तलाव बसवत होती फक्त व्हर्जिनिया आणि मेरीलँडकडे. टेक्सासचा माणूस फोन करून म्हणायचा, तुमचाच तलाव हवा, आणि यांना नाही म्हणावं लागायचं. पुढे त्यांनी फायबरग्लासची टोपली स्वतः बनवायला घेतली आणि दुसऱ्या राज्यांत फ्रँचायझी द्यायला सुरुवात केली.